पाठ फिरवून दुरुस्त केलेलं मशीन

"बाई, तुम्ही जरा भिंतीकडं तोंड करून बसा," सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

मी अकोल्याहून सकाळची एस.टी. धरून, मूर्तिजापूरला अर्धा तास तापत उभी राहून, अमरावतीला त्यांचं मशीन दुरुस्त करायला आले होते. हातात पान्यांची पिशवी होती. मशीन समोर टेबलावर होतं. आणि मला भिंतीकडं बघायला सांगत होते.

"भिंतीकडं बघून मशीन कसं दुरुस्त करू, साहेब?"

"दुरुस्तीला आमची ना नाही. आधी त्या ड्रमवरची स्टेन्सिल निघू द्या. मॅट्रिकच्या मुलांच्या प्रिलिमचा पेपर आहे तो. तुम्हाला वाचता येतं ना?"

"येतं."

"तीच अडचण आहे," साहेब म्हणाले.

बसले मग भिंतीकडं तोंड करून. काय करता.

साठ साल उजाडायच्या थोडं आधीची ही गोष्ट. तेव्हा झेरॉक्स नव्हतं, आजचे लेझर प्रिंटर तर सोडूनच द्या. एका कागदाच्या दोनशे प्रती पाहिजे असल्या की सायक्लोस्टाइल. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एक मेणाचा पातळ कागद असायचा, त्याला स्टेन्सिल म्हणायचे. टाइपरायटरची रिबिन बाजूला करून त्याच्यावर टाइप करायचं. अक्षराच्या जागी मेण फाटतं. तो कागद शाईच्या ड्रमवर गुंडाळायचा आणि हँडल फिरवायचं. एका बाजूनं कोरा कागद आत जातो, फाटलेल्या जागेतून शाई उतरते, दुसऱ्या बाजूनं छापलेला कागद बाहेर पडतो. इतकं सोपं. आणि सोपं म्हणूनच बिघडायला शंभर जागा.

मी काही शिकून मेकॅनिक झाले नाही. अकोल्याला जुन्या शहरात आमचं घर, आणि मोर्णा नदीच्या पलीकडं बाबूशेठचं टाइपरायटर आणि सायक्लोस्टाइलचं दुकान. तिथं मी टायपिस्ट होते. दुकानात मेकॅनिक काम करायला लागला की मी टाइप करता करता त्याच्या हाताकडं बघायची. घरचं शिवणयंत्र मी दोनदा खोललेलं होतं. आमचे हे म्हणायचे, "खोलतेस ते ठीक आहे, पण लावताना स्क्रू का उरतात?" पहिल्यांदा तीन उरले होते. दुसऱ्यांदा एकच. म्हणजे प्रगती होती.

मग तो मेकॅनिक नागपूरला निघून गेला. बाबूशेठला दुसरा मिळेना. एके दिवशी मीच म्हणाले, मी जाऊ का? बाबूशेठनं चष्म्याच्या वरून बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण सावध. म्हणाला, "शालिनीबाई, अमरावतीच्या शिक्षणसंस्थेला आपण नवीन मशीन दिलंय. आठ शाळांचे पेपर त्याच्यावर निघतात. ते त्रास देतंय. तुम्ही ते रामनवमीपर्यंत सुरळीत चालवून दाखवा. चाललं तर तुम्ही माझ्या दुकानाच्या मेकॅनिक. नाही चाललं आणि मशीन परत आलं, तर तुम्ही आपल्या टाइपरायटरवर. मग पुन्हा विषय नाही काढायचा."

मी हो म्हटलं. टाइपरायटरच्या त्या खुर्चीत सात वर्षं बसून मला खुर्चीची वेताची नक्षी पाठ झाली होती. पाठीला.

तर अशी मी भिंतीकडं तोंड करून बसलेली. मागं कागदाची सळसळ झाली आणि आवाज आला, "झालं जी बाई. वळा आता."

हे सदाभाऊ. संस्थेचे शिपाई. चाळिशी उलटलेला माणूस, डोक्याला पांढरा रुमाल, मिशा अशा विंचरलेल्या की जणू रोज मोजून घेतात. वलगावचे. घरी शेती, भाऊ बघायचा, हे रोज सायकलनं अमरावतीला यायचे. मशीन चालवायचं काम यांच्याकडं होतं, आणि त्याचं कारण ऐकून मी चाट पडले. सदाभाऊंना वाचता येत नव्हतं. सेक्रेटरीसाहेब पेशानं वकील. त्यांनी विचार केला, पेपर फुटायला नको असेल तर छापणाऱ्याला वाचताच येता कामा नये. त्या खोलीला नावच गोपनीय खोली होतं. किल्ली एक, ती सदाभाऊंच्या करगोट्याला. मास्तर लोकांना आत मनाई, कारकुनांना मनाई. साहेब सोडून संस्थेत जो जो शिकलेला त्याला त्या खोलीत पाय ठेवता येत नव्हता.

"अक्षर बरोबर उठलंय की नाही हे कसं कळतं, भाऊ?" मी विचारलं.

"अक्षर काळं पाह्यजे अन् कडेले मेलं नाई पाह्यजे. मंग ते काईबी असो. भूगोल असो नाई तर गनित असो, आपल्याले सारखंच."

खरं सांगते, वाचता येणाऱ्यांपेक्षा त्यांची नजर चांगली होती. वाचणारा शब्द बघतो. हा माणूस शाई बघायचा.

मी हँडल फिरवून बघितलं. जड. चांगल्या मशीनचं हँडल एका बोटानं फिरतं, याला दोन्ही हात लागत होते. कागद सोडला तर एकदम दोन दोन, तीन तीन आत जात होते. मध्येच एक आडवा होऊन बसायचा. ड्रम धक्के खात होता, त्यामुळं स्टेन्सिलला सुरकुत्या. मी झाकण काढलं. दांडे चिकट. फीड रोलर, म्हणजे कागद आत ओढणारं रबराचं लाटणं, तेही चिकट. मी म्हटलं, शाई सांडली असेल, वाळली असेल. रॉकेलचा बोळा घेऊन सगळं पुसलं, दुकानातून आणलेलं मशीन ऑइल दिलं. हँडल फुलासारखं फिरायला लागलं.

सदाभाऊ शेजारी उकिडवे बसून बघत होते. आपल्या पोराला डॉक्टर तपासतो तेव्हा बाप जसा बसतो तसे.

"दुखलं तर नाई न त्याले?" म्हणाले.

मी हसले. माणूस गमत्या आहे असं वाटलं.

निघताना मशीन ऑइलची एक सीलबंद बाटली मी त्यांच्या हातात दिली. "भाऊ, याला वेळच्या वेळी तेल देत जा."

"रोज देतो जी."

"छान," मी म्हटलं. मनात म्हटलं, असा शिपाई प्रत्येक ऑफिसात असावा.

त्या खोलीत फळीवर एका धुतलेल्या फडक्यावर एक पितळी बोंडलं पालथं घातलेलं दिसलं. बोंडलं म्हणजे तान्ह्या बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं. लखलखीत घासलेलं होतं. मी म्हटलं, इथल्या कुणा मास्तरीणबाईंचं बाळ असेल, सोय म्हणून ठेवलं असेल. खोलीत शिकलेल्या बाईला मनाई आहे, मग तिचं बोंडलं आत कसं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मेकॅनिकचं लक्ष मशीनकडं असतं. हीच तर खोड.

तीन आठवड्यांनी ट्रंक कॉल. पुन्हा जाम.

बाबूशेठ फोन ठेवून नुसते म्हणाले, "एक तक्रार झाली."

पुन्हा एस.टी., पुन्हा मूर्तिजापूर, पुन्हा भिंत. या वेळी भिंतीवर एक पाल होती, तिच्याशी ओळख झाली. वळून बघते तर पहिल्यापेक्षा वाईट. दांड्यांवर पिवळट साय धरल्यासारखं काहीतरी. आणि त्या सायीवर बारीक बारीक कापूस चिकटलेला. मला एकदम उलगडा झाल्यासारखं वाटलं. मैलभरावर जिनिंग फॅक्टरी होती. हंगामाचा शेवट, हवेत कापसाचे तंतू उडतात, खिडकीतून येतात, तेलावर बसतात, त्याचा लगदा होतो. मी सेक्रेटरीसाहेबांना बोलावून दोन बोटांत तो लगदा धरून दाखवला. काय रुबाबात सांगितलं म्हणता. साहेबांनी वकिली पद्धतीनं उलटतपासणी घेतली.

"म्हणजे दोष मशीनचा नाही?"

"नाही."

"दोष कापसाचा?"

"हो."

"कापसावर दावा कसा लावणार मी?"

"खिडकी लावून घ्या, साहेब. आणि मशीनला एक खोळ शिवून घ्या."

मी पुन्हा रॉकेलनं सगळं पुसलं. या वेळी जरा जास्त घासावं लागलं, पण निघालं. सदाभाऊंचा चेहरा उतरला होता. मी त्यांना धीर दिला. आणि तेव्हा मी जे बोलले ते मला नंतर फार दिवस आठवत राहिलं. मी म्हटलं, "भाऊ, उन्हाळा लागतोय. मशीन कोरडं पडू देऊ नका. आधी देत होता त्याहून थोडं जास्त तेल द्या."

"दुप्पट देतो," ते म्हणाले.

"द्या," मी म्हटलं.

आता ऐका पुढं काय झालं ते.

मार्च संपत आला. वार्षिक परीक्षा सोमवारपासून, आठ शाळा, सगळ्या इयत्ता. आणि गुरुवारी दुपारी फोन आला की मशीनचं हँडल फिरतच नाही. जड नाही, फिरतच नाही. सेक्रेटरीसाहेब म्हणाले म्हणे, उद्या दुरुस्त झालं नाही तर शनिवारी मशीन टेम्पोत घालून परत पाठवतो, आणि पेपर फळ्यावर लिहून परीक्षा घेतो.

बाबूशेठनं या वेळी नुसता फोन ठेवला. माझ्या टाइपरायटरवरचं कव्हर काढलं, रिबिन बघितली, कव्हर पुन्हा घातलं. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवारी मी दहाच्या सुमारास पोचले. भिंतीकडं बसायची वेळ आली नाही, कारण ड्रम अडकला होता आणि स्टेन्सिल कोरीच होती. मी रॉकेल लावलं. काही नाही. घासलं. काही नाही. दांड्यांवर मधाच्या रंगाचा पापुद्रा बसला होता, नखानं खरवडला तर नख दुखायला लागलं. हे तेल नव्हतं, शाई नव्हती, कापूस तर नव्हताच. खिडकी कडेकोट बंद होती आणि मशीनला छान फुलाफुलांची खोळ घातलेली होती. खोळ सदाभाऊंच्या घरवालीनं शिवली होती. झालर लावून.

साहेब दारातून म्हणाले, "बाई, आता कापूस नाही. आता काय? मला लेखी कारण पाहिजे. मशीनचा दोष असेल तर तसं लिहा, मी परत करतो. आमच्या ऑफिसातल्या कुणाचा निष्काळजीपणा असेल तर तसं लिहा, त्याला मी आजच्या आज घरी पाठवतो. दोन्हीपैकी एक."

साहेब गेले. सदाभाऊ दाराशी उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं होतं.

बारा वाजले. मी कंटाळून तिथंच जमिनीवर बसले. डबा घरी विसरले होते. आता मला वाटतं विसरले हे देवाचे उपकार. सदाभाऊंनी आपली शिदोरी सोडली, अर्धी ज्वारीची भाकरी माझ्यासमोर कागदावर ठेवली, तिच्यावर लाल चटणी. "खा जी. रिकाम्या पोटी लोखंड हलत नाई."

मग त्यांनी खिशातून एक चपटी बाटली काढली. बूच निघेना. हातानं पिळलं, मग रुमालानं धरून पिळलं, मग दातानं ओढलं तेव्हा सुटलं. चटणीत खड्डा करून त्यांनी त्यात तेल ओतलं, पिवळंधमक.

"जवसाचं हाय. घरच्या वावरातलं. घानीवरून स्वता काढून आनतो."

मी घास तोंडाशी नेला आणि थांबले. हा वास. हा वास मी दोन महिने ओळखत होते. पहिल्या दिवसापासून त्या खोलीत हाच वास होता, आणि मी समजत होते की इथं रोज डबा खातात म्हणून आहे.

मी बाटली हातात घेतली. बाटलीच्या गळ्याला आणि बुचाला पापुद्रा बसलेला होता. मधाच्या रंगाचा. नखानं खरवडला. नख दुखलं.

मी फळीकडं बघितलं. मी दिलेली मशीन ऑइलची बाटली तिथं होती. वरचं लाखेचं सील जसंच्या तसं. बाजूला ते पितळी बोंडलं.

"भाऊ," मी हळूच विचारलं, "हे बोंडलं कुणाच्या बाळाचं?"

"बाळाचं नाई जी. मशीनचं."

मी घास खाली ठेवला.

"माझ्या धाकल्या पोरीचं होतं. तिचं सुटलं, मंग याले आनलं. याचे तेलाचे भोकं लय बारीक. वाटीनं सांडते. बोंडल्यानं कसं बरोबर आत जाते. रोज संध्याकाळी, घरी जायच्या आंधी. तुमी म्हनलं तवापासून दोन बोंडले."

"आणि मी दिलेलं तेल?"

"ते तसंच हाय. पान्यावानी पातळ, अन् वास कसा मारते. घरचं अस्सल असतानी दुकानातलं काहून द्याव जी लेकराले?"

"पण गाडीच्या चाकाला तुम्ही जवसाचं तेल देता का?"

"छे. गाडीले येरंडीचं. ते ढोराचं काम. हे मशीन शिकेल लोकायचं हाय. इंग्रजी छापते, बीजगनित छापते. याले डोकं तेज करनारं तेल नको?"

मी खाली ठेवलेला घास उचलला आणि ती अर्धी भाकरी संपवली.

तेलांमधला हा फरक तेव्हा मलाही नीट माहीत नव्हता, नंतर कळला. मशीन ऑइल वर्षभर ठेवा, ते ओलंच राहतं. एरंडीचंही बराच काळ राहतं. पण जवसाचं तेल हवेत वाळतं. वाळतं म्हणजे उडून जात नाही, त्याची कातडी होते. सुतार दाराला लावतात ते म्हणूनच. रंगात घालतात ते म्हणूनच. बैलाच्या शिंगाला लावलं तर चकाकतं. मशीनच्या दांड्याला लावलं तर मशीन आतून वार्निश होतं. ताजं असताना ते रॉकेलनं निघालं, म्हणून मी दोनदा शहाणी ठरले. आणि माझ्याच सांगण्यावरून दुप्पट पडलं, वर वऱ्हाडातलं ऊन, वर बंद खिडकी. तीही माझ्याच सांगण्यावरून. त्या खोलीची भट्टी झाली आणि मशीन तिच्यात भाजून निघालं.

आणि हे कुणाच्या लक्षात कसं येणार? त्या खोलीत दुसरा माणूस जातच नव्हता.

मी सदाभाऊंना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग रुमाल काढून डोकं पुसलं.

"म्हंजे मीच गळा दाबून राह्यलो होतो त्याचा."

"तुम्हाला माहीत नव्हतं, भाऊ."

"मंग लिवा तुमी. सायेबाले लिवून द्या, सदानं केलं. दोन एकर हाय घरी, भावाच्या हाताखाली राबीन." वीस वर्षं नोकरी झाली होती माणसाची.

"लिहायचं मागून बघू. आधी हे सोडवू. मला एक सांगा, घरी तव्याला नाहीतर कढईला हे तेल असं घट्ट बसलं तर तुमच्या घरी काय करतात?"

त्यांनी डोळे वर केले. "धुन्याचा सोडा. उकळत्या पान्यात टाकते अन् ठेवून देते. मंग साल निघते."

"चूल कुठं मिळेल?"

संस्थेच्या मागच्या आवारात गॅदरिंगला जेवण करायची दगडी चूल होती. सदाभाऊंनी शिक्षकांच्या चहाचं मोठं पातेलं आणलं, पाणी उकळत ठेवलं, सोडा टाकला. मी मशीन खोललं. या वेळी एकेक स्क्रू कागदावर नंबर टाकून ठेवला, घरचा अनुभव लक्षात होता. लोखंडी दांडे, दातेरी चाकं, कड्या, सगळं पातेल्यात. रबराची लाटणी मात्र नाही, ती उकळली तर संपली. ती मी शाळेच्या प्रयोगशाळेतून स्पिरिट मागवून, हळू हळू पुसत बसले. सदाभाऊ लाकडी कालथ्यानं पातेलं ढवळत होते. वर पिवळा फेस आला.

नेमके तेव्हाच साहेब मागच्या दारानं आले. पातेल्याजवळ थांबले.

"काय शिजतंय?"

"तुमचं मशीन, साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी पातेल्यात डोकावून बघितलं. एक दातेरी चाक वर आलं, फिरलं आणि खाली गेलं. त्यांनी कोर्टात पुष्कळ काही पाहिलं असेल, पण हे नसावं. "अजून किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं. वरण शिजायला किती वेळ लागेल असं विचारतात तसं.

"अर्धा तास," सदाभाऊ म्हणाले. "मुरू द्या थोडं."

तीन वाजता दांडे बाहेर काढले. साल सुटली होती. सुकवले, माझ्या बाटलीचं सील फोडलं, एकेका भोकात मोजून थेंब टाकले. चारला मशीन जोडून झालं. एकही स्क्रू उरला नाही, हे मी मुद्दाम सांगते. मी सदाभाऊंना म्हटलं, तुम्ही फिरवा. त्यांनी हँडलला एक बोट लावलं. ड्रम गरकन फिरला. माणसानं पटकन हात मागं घेतला, जणू मशीन जागं झालं.

मग मी आपण होऊन भिंतीकडं तोंड केलं. साहेबांनी स्टेन्सिल आणून दिली. मागं आवाज सुरू झाला, खटक-सर्र, खटक-सर्र, एकेक कागद. मशीन नीट चालतंय की नाही ते मला बघावं लागलं नाही. बरोबर चालणारं सायक्लोस्टाइल कानाला कळतं.

शंभर कागद झाले आणि साहेब म्हणाले, "छान. आता लेखी कारण."

सदाभाऊंचा हात थांबला. खटक-सर्र बंद.

मी भिंतीकडंच तोंड करून होते, ते बरंच झालं. माझ्यापुढं सरळ दोन वाटा होत्या. मशीनचा दोष लिहिला तर माझी मेकॅनिकी संपली. माणसाचा निष्काळजीपणा लिहिला तर ती टिकली, पण अर्धी भाकर माझ्या पोटात होती.

"साहेब, मशीनचा दोष नाही," मी म्हटलं.

"म्हणजे निष्काळजीपणा."

"तोही नाही."

"बाई, तिसरं काही नसतं."

"असतं. मला कागद द्या."

मी लिहिलं. तो कागद साहेबांनी उभ्यानं मोठ्यांदा वाचला: "बिघाडाचे कारण: अतिकाळजी. संबंधित कर्मचाऱ्याने मशीनला दररोज, सुटीचे दिवस सोडून, स्वतःच्या घरचे उत्तम प्रतीचे खाण्याचे तेल दिले. सदर तेल मशीनला मानवत नाही. तेल जास्त देण्याचा सल्ला दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी दिला होता."

साहेबांनी तो पुन्हा मनात वाचला. मग सदाभाऊंकडं बघितलं.

"खाण्याचं तेल? घरचं? रोज?"

"हो जी."

"काहून?" इतका वेळ पुस्तकी मराठी बोलणारे साहेब एकदम वऱ्हाडीवर आले.

"दिवसभर राबते सायेब ते. अन् कोनी इचारत नाई त्याले."

साहेब खुर्चीत बसले. टेबलाच्या खणातून संस्थेचे सेवानियम काढले, चांगली पाच मिनिटं चाळले. शेवटी मिटून ठेवले. "कामात कसूर, आहे. गैरहजेरी, आहे. उद्धटपणा, आहे. अतिकाळजीला आमच्याकडं शिक्षाच नाही." वकीलच तो. नियमात नाही म्हणजे नाही. "चला, छापा पुढं."

खटक-सर्र सुरू झालं.

रविवारी दुपारपर्यंत आठही शाळांचे गठ्ठे बांधून झाले. परीक्षा सोमवारी वेळेवर सुरू झाली. नंतर एका मास्तरांनी मला सांगितलं की त्या वर्षीच्या पेपरांना भाकरी-चटणीचा वास येत होता आणि पोरं अकरा वाजल्यापासूनच भूक लागली म्हणत होती. खरं असेल किंवा मास्तर गमत करत असतील.

त्या शुक्रवारी निघताना मी सदाभाऊंना प्रयोगशाळेतला एक ड्रॉपर दिला होता. "शनिवारी, भोकाला तीन थेंब. मोजून."

"तीन? पाव्हन्याले कोनी तीन घास वाढते का, ताई?" दुपारपर्यंत मी बाई होते, आता ताई झाले होते.

"पाहुणा नाही तो, पथ्यावरचा पेशंट आहे."

हे त्यांना पटलं. पेशंट म्हटल्यावर त्यांनी बोंडलं फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी रीतसर ऑर्डर काढली: सायक्लोस्टाइल यंत्रास कोणत्याही प्रकारचे खाद्यतेल देण्यास सक्त मनाई आहे. ती टाइप करून, सही-शिक्का मारून गोपनीय खोलीच्या भिंतीवर डकवली. ज्या खोलीत वाचता येणाऱ्याला प्रवेश नाही, त्या खोलीत. माझी ती पाल तेवढी वाचत असेल.

रामनवमीला मशीन चालत होतं. बाबूशेठनं माझ्या कागदाची संस्थेकडून आलेली नक्कल दोनदा वाचली, म्हणाले, "स्वतःची चूक स्वतःच लिहिलीत?"

"होती म्हणून लिहिली."

त्यांनी टाइपरायटरच्या खुर्चीवरून माझी उशी उचलली आणि दुरुस्तीच्या टेबलाजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवली. नेमणुकीचं पत्र वगैरे काही नाही. उशी हलली, म्हणजे मी मेकॅनिक झाले. पुढं बावीस वर्षं मी तिथंच बसले.

सदाभाऊ दर संक्रांतीला अकोल्याला कुणाच्या तरी हाती जवसाच्या तेलाची बाटली पाठवायचे. निरोप ठरलेला असायचा: ताईले सांगा, हे भाकरीसाठी हाय.

त्या दिवसापासून मी कामाची एक रीत बदलली. ऑफिस कुठलंही असो, सायक्लोस्टाइल असो की टाइपरायटर, पान्याला हात लावायच्या आधी मी विचारायची की या मशीनवर इथं सगळ्यांत जास्त जीव कुणाचा आहे? आणि त्या माणसाला बोलावून त्याचा डबा उघडायला लावायची.